वरून हुकूम आहे

बोस्टनला लेकीकडे सहा महिने राहून आलो. निघताना सगळ्यांनी बजावलं होतं की थंडी बाधेल आणि वेळ जाणार नाही. थंडी बाधली. वेळ मात्र चांगला गेला, आणि त्याला कारण एक जुनं जहाज आणि दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा एक निकाल. मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. जप्ती हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला नाही. पंच गोळा करण्यापासून पंचनाम्यावर सही ठोकण्यापर्यंत तो मी हातांनी केलेला आहे. त्यामुळे तो निकाल वाचल्यापासून मनातून जात नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय जाणारही नाही, म्हणून लिहायला बसलो.

चार्ल्सटाउनच्या गोदीत ‘कॉन्स्टिट्यूशन’ नावाचं लढाऊ जहाज उभं आहे. १७९७ साली पाण्यात उतरलेलं, संपूर्ण लाकडी, आणि अजून तरंगणारं. त्याच्यावर आजही नौदलाचे खरेखुरे खलाशी नेमलेले असतात. डेकवर गेलं की डांबराचा आणि ओल्या दोरखंडाचा वास येतो. मनगटाएवढे जाड दोर, आणि त्यांची वेटोळी इतकी नीट घातलेली की आमच्या गावातल्या मोटेच्या नाड्याची आठवण झाली. जावयाने फोटो काढले. मी एका तरुण खलाशाशी बोलत राहिलो. इंग्रजी माझं कचेरीतलं, पण त्या पोराने सावकाश, समजेल असं सांगितलं. हे जहाज बांधलं एडमंड हार्टच्या नॉर्थ एंडमधल्या गोदीत. त्याच हार्टने पुढे दोन वर्षांनी ‘बोस्टन’ नावाचं दुसरं लढाऊ जहाज बांधलं, आणि त्यासाठी शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली. पहिला कप्तान जॉर्ज लिटल, इथल्याच मार्शफील्डचा. ‘बोस्टन’ आता नाही. १८१४ मध्ये इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून वॉशिंग्टनच्या गोदीत आपल्याच लोकांनी ते जाळलं.

“त्या कप्तानाचं पुढे काय झालं?” मी विचारलं. पोरगा म्हणाला, त्याच्यावर खटला झाला आणि तो हरला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन बसलो. तिथल्या बाईंनी निकालाची छापील प्रत काढून दिली. लिटल विरुद्ध बॅरीम, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी १८०४. निकाल लहान आहे. आपल्याकडच्या निकालांच्या मानाने तर चिठ्ठीच म्हणावी. शब्दकोश शेजारी ठेवून तो वाचायला मला तीन दिवस लागले.

गोष्ट १७९९ सालची आहे. अमेरिका स्वतंत्र होऊन जेमतेम तेवीस वर्षं झालेली आणि फ्रान्सशी बिनसलेलं. फ्रेंच जहाजं अमेरिकी गलबतं पकडत होती. युद्ध कोणी पुकारलं नव्हतं, पण समुद्रावर तोफा चालत होत्या. व्यापार तोडून फ्रान्सला वठणीवर आणायचं असं अमेरिकेने ठरवलं. ९ फेब्रुवारी १७९९ ला त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा केला की अमेरिकी जहाजाने फ्रेंच मुलखात व्यापाराला जायचं नाही. त्याच्या पाचव्या कलमात राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला: नौदलाच्या कप्तानांना हुकूम देऊन भर समुद्रात संशयित अमेरिकी जहाज थांबवावं, तपासावं, आणि ते फ्रेंच बंदराकडे निघालेलं दिसलं तर जप्त करावं.

बंदराकडे. हा शब्द लक्षात असू द्या.

महिनाभराने, १२ मार्चला, नौदल सचिव बेंजामिन स्टॉडर्ट यांचं पत्र कप्तानांना गेलं. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या आज्ञेवरून. पत्रासोबत कायद्याची प्रत जोडलेली होती, आणि पाचवं कलम विशेष लक्ष देऊन वाचा, ते आपल्या हुकुमाचाच भाग समजा, असं लिहिलेलं होतं. पण खाली सूचना अशी होती की डॅनिश किंवा दुसऱ्या परक्या कागदांच्या आड लपलेली, खरी अमेरिकी असलेली जहाजं फ्रेंच बंदराकडे जाणारी असोत की फ्रेंच बंदराकडून येणारी, ती तुमच्या हातून निसटता कामा नयेत.

कायदा म्हणतो ‘कडे’. हुकूम म्हणतो ‘कडे किंवा कडून’. एवढ्याशा शब्दाचा फरक. मी आयुष्यभर शासन निर्णय आणि त्याच्या खालची परिपत्रकं वाचली आहेत. कायद्यापासून परिपत्रकापर्यंत येताना शब्द कसा फुगतो ते मला ठाऊक आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही. वर बसलेल्या माणसाला दिसत असतं की कायदा असा लिहिला तर लोक त्यातून सहज निसटतील, म्हणून तो फट बुजवतो. स्टॉडर्टनीही तेच केलं. फ्रेंच बंदराकडे जाणारा कप्तान तसं कागदावर कशाला लिहील? येताना मात्र माल आणि वाट दोन्ही बोलतात. निकालात सरन्यायाधीशांनीही मोकळेपणाने म्हटलं आहे की सरकारने लावलेला अर्थ कायद्याला खरी धार देणारा होता. पण काँग्रेसने जप्तीची रीत ठरवून दिली होती, आणि त्या रीतीत येणारं जहाज बसत नव्हतं.

२ डिसेंबर १७९९. हिस्पॅनिओला बेटाजवळ, म्हणजे आज जिथे हैती आहे तिथे, लिटलच्या ‘बोस्टन’ला आणि सोबतच्या ‘जनरल ग्रीन’ला एक दोन डोलकाठ्यांचं जहाज दिसलं. नाव ‘फ्लाइंग फिश’. जेरेमी या फ्रेंच वसाहतीतल्या बंदराकडून ते सेंट थॉमसला निघालं होतं. सेंट थॉमस तेव्हा डेन्मार्कचं, आणि डेन्मार्क या भांडणात कोणाच्याच बाजूचा नव्हता. लढाऊ जहाजं पाठलाग करायला लागली तेव्हा ‘फ्लाइंग फिश’च्या तांडेलाने प्रवासाची नोंदवही आणि काही कागद समुद्रात फेकून दिले.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. नोंदवही पाण्यात फेकणारा माणूस समोर असेल, तर जप्तीला गेलेल्या माणसाच्या मनात काय येईल? मी असतो तर म्हटलं असतं, चोराच्या मनात चांदणं. लिटललाही तेच वाटलं असणार. हातात हुकूम, समोर डॅनिश कागदांचं जहाज, फ्रेंच बंदराकडून येणारं, आणि कागद लाटांवर तरंगतायत. त्याने जहाज पकडलं आणि बोस्टनला आणलं.

जिल्हा न्यायालयात सिद्ध झालं की जहाज खरोखर डॅनिश होतं. न्यायालयाने जहाज आणि माल परत करायला सांगितलं. नुकसानभरपाई मात्र नाही: संशयाला जागा होती, हुकूम होता, कप्तानाचा हेतू स्वच्छ होता, तुमची वस्तू तुम्हाला मिळाली, आता जा. मालक वरच्या न्यायालयात गेले. तिथे उलट झालं. जहाज अमेरिकी असतं तरी ते फ्रेंच बंदराकडून येत होतं, म्हणजे जप्त करताच आलं नसतं. कप्तान लिटलने ८,५०४ डॉलर भरावेत. सरकारने नव्हे, लिटलने, स्वतःच्या खिशातून. त्या काळी ही रक्कम कप्तानाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती. तेव्हा लिटल सर्वोच्च न्यायालयात गेला.

तिथे सरन्यायाधीश होते जॉन मार्शल. त्यांना तिथे बसवलं होतं जॉन अ‍ॅडम्सनी, ज्यांच्या आज्ञेवरून तो हुकूम निघाला त्याच अ‍ॅडम्सनी. आधी मार्शल त्यांचे परराष्ट्र सचिव होते. त्याच्याही आधी फ्रान्सशी बोलणी करायला पॅरिसला गेलेले आणि अपमान गिळून परतलेले. आणि तरुणपणी, स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेतले शिपाई, व्हॅली फोर्जचा तो उपासमारीचा हिवाळा काढलेले. हे सगळं एका माणसात. न्यायालयाला तेव्हा स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. कॅपिटॉलमधल्या, म्हणजे त्यांच्या संसद भवनातल्या, एका समितीच्या खोलीत काम चालायचं. निकाल छापून काढणारे विल्यम क्रँच, ते अ‍ॅडम्सच्या बायकोचे भाचे. असं सगळं घरातलंच माणूस, आणि निकाल घरच्या विरुद्ध.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच जागेने. निकालाच्या शेवटाकडे मार्शल ‘न्यायालय’ म्हणायचं थांबवतात आणि ‘मी’ म्हणायला लागतात. त्यांच्या शब्दांचा मराठी सारांश माझ्या परीने देतो. ते म्हणतात, मी कबूल करतो, माझ्या मनाचा पहिला कल फार जोरात दुसरीकडे होता. सरकारच्या हुकुमाने नसलेला हक्क निर्माण होत नाही हे खरं, पण तो हुकूम पाळणाऱ्याला भरपाईतून तरी सोडवावं असं मला वाटत होतं. शिपायाने वरिष्ठाची आज्ञा पाळायचीच असते, त्यावाचून कुठलीही फौज चालत नाही. शुद्ध हेतूने, कायदेशीर वरिष्ठाच्या हुकमावरून जहाज धरलं असेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याने हुकूम देणाऱ्या सरकारकडे मागणं मागावं. असं मला वाटत होतं. पण माझी चूक होती हे मला पटलं आहे, आणि मी त्या मतावरून मागे आलो आहे. सहकाऱ्यांचं मत मी मान्य करतो, की हुकुमाने कृत्याचा स्वभाव बदलत नाही. हुकूम नसता तर जी उघड आगळीक ठरली असती, ती हुकमाने कायदेशीर होत नाही.

लिटल हरला.

न्यायाधीश आपलं मत बदलतात, पण ते खोलीत, बंद दाराआड बदलतात. निकालात येतं ते घासूनपुसून, जणू पहिल्यापासून तसंच वाटत होतं असं. इथे देशाचा सरन्यायाधीश आपलं पहिलं मत, ते का होतं आणि ते सोडलं हे, कायमच्या छापील कागदावर ठेवून गेला. शिपाई राहिलेल्या माणसाने शिपायाची बाजू मनापासून मांडली, आणि मग ती बाजू हरली असं लिहिलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पुढे १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं. त्या सहांपैकी टॉम क्लार्क यांनी आपल्या मताला आधार घेतला तो याच लिटलच्या खटल्याचा. क्लार्कना न्यायालयात बसवलं होतं ट्रुमननीच, आणि त्याआधी ते त्यांचे महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, होते. दीडशे वर्षांनी पुन्हा तेच.

आता माझं सांगतो.

१९८३ चा मार्च. मला तलाठी होऊन तीन वर्षं झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मार्चअखेरची वसुली ज्याने केली आहे त्यालाच ती कळेल. रोज संध्याकाळी आकडा विचारला जायचा. त्या वर्षी तगाईच्या थकबाकीदारांची यादी वरून आली आणि तिच्यासोबत जप्तीचे हुकूम. यादीत एक नाव होतं, ऑइल इंजिनासाठी घेतलेल्या तगाईचं. त्या नावाचे गावात दोघं होते, चुलत भाऊ. यादीत बापाचं नाव नव्हतं. एका भावाने कर्ज कधीच फेडलं होतं आणि तो आदल्या वर्षी वारला होता. इंजिन होतं त्याच्याच विहिरीवर. दुसऱ्याने आपलं इंजिन केव्हाच विकून टाकलं होतं.

आम्ही त्या वारलेल्याच्या विहिरीवर गेलो. मी, कोतवाल, दोन पंच, आणि बोल्ट काढायला पाना घेऊन आलेला एक जण. अर्ध्या एकरात उन्हाळी भुईमूग होता, नुकत्या आऱ्या सुटायला लागलेल्या. इंजिन चालू होतं. पाच एचपीचं, हिरव्या रंगाचं, आणि पंपाच्या पट्ट्याला मधोमध चामड्याचा जोड घातलेला. पट्टा फिरताना तो जोड दर फेऱ्याला चाकावर टप् असा वाजायचा. तो आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

बाई धावत आल्या. पुन्हा घराकडे धावत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती घेऊन आल्या. “भाऊसाहेब, पैसं भरल्यात की समदं. ही बगा.” मी पावती हातात घेतली. पूर्ण फेड. खाली माझ्या आधीच्या तलाठ्यांची सही, आणि ती सही मी ओळखत होतो. त्यांच्याकडूनच मी चार्ज घेतला होता. मी ती पावती दोनदा वाचली. मग घडी घालून परत दिली आणि म्हणालो, “मावशी, वरून हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही. तहसीलला जाऊन सांगा.”

मार्शलचा पहिला कल हाच होता. ज्याने हुकूम दिला त्या सरकारकडे जा. वाचनालयात ते वाक्य वाचलं तेव्हा माझंच वाक्य मला कोणी तरी दोनशे वर्षं मागून वाचून दाखवतंय असं झालं. फरक इतकाच की ते वाक्य लिहून मार्शल थांबले नाहीत, आणि मी बोलून थांबलो.

लिटलच्या आणि माझ्या हातातल्या कागदांचाही मी पुष्कळ विचार केला. त्याच्याकडे हुकूम होता आणि सोबत जोडलेली कायद्याची प्रत. दोन्ही एकाच लिफाफ्यात. माझ्याकडे हुकूम होता आणि पावती. न्यायालय लिटलला जणू विचारतंय, दुसरा कागद तू वाचला नव्हतास का? आणि समुद्राच्या मधोमध, पाठलाग चालू असताना, ‘कडे’ आणि ‘कडून’ मधला फरक कप्तानाने करायचा, हे फार कठोर आहे. मला लिटलची मनापासून दया येते. स्टॉडर्टना एक डॉलर भरावा लागला नाही, अ‍ॅडम्सना नाही. खटला हातावर चालला, हात चालवणाऱ्यांवर नाही. वाचनालयातून घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात लिटलची वकिली करायचो. पण त्याच्याजवळचं सगळं मान्य केलं तरी डॅनिश मालकाचं जहाज तर नाहक धरून नेलं होतं. ते कोणी तरी भरायचं होतं. आणि तो हात सुटला असता, तर पुढच्या कप्तानाने पाचवं कलम उघडून पाहण्याचं कारणच उरलं नसतं. मलाही ते पाहण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी कायद्यांच्या शेवटी एक कलम असतं, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही असं. आम्हा लोकांना ते तोंडपाठ असतं. बाकी कायदा असो नसो.

लिटलच्या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते मला फार आवडतं. १८०७ मध्ये काँग्रेसने खास त्याच्यासाठी एक छोटा कायदा केला आणि त्याला भरावी लागलेली रक्कम सरकारी तिजोरीतून दिली. म्हणजे न्यायालयाने सांगितलं, जहाजवाल्याचे पैसे आधी दे, हुकुमाची ढाल चालणार नाही. मग लोकांनी निवडलेल्या सभेने सांगितलं, हुकूम आमच्या सरकारचा होता, म्हणून तुझे पैसे आम्ही देतो. मधे तीन वर्षं गेली, ती त्याने कशी काढली असतील कोण जाणे. १८०९ मध्ये तो वारला. पण सगळे पैसे योग्य त्या क्रमाने योग्य त्या हातात पोचले.

आपल्याकडे असा खटला झाला का, हे मी परत आल्यावर एका वकील मित्राला विचारलं. त्याने कस्तुरीलाल प्रकरणाची फाइल काढून दिली. १९४७ चा सप्टेंबर, फाळणीचे दिवस. अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार रलियाराम सोनं-चांदी विकायला मीरतला उतरले. पोलिसांनी रात्री बाजारात अडवलं, कोठडीत टाकलं, जवळचं शंभर तोळ्यांवर सोनं आणि सगळी चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. चांदी परत मिळाली. सोनं मिळालं नाही, कारण मालखाना सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबरात पाकिस्तानात निघून गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये निकाल दिला की जप्ती हे राज्याच्या सार्वभौम अधिकारातलं काम आहे, नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल सरकार भरपाई देणं लागत नाही. सरकार सुटलं. हात सीमेपलीकडे. मालकाला काहीच नाही.

तो निकाल लिहिला होता आपल्या साताऱ्याच्या प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी, तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी. माझ्या वडिलांना त्यांचा फार अभिमान होता, आमच्या जिल्ह्याचा माणूस म्हणून. मी तो निकाल दुखऱ्या मनाने वाचला. पण शेवटी त्यांनी लिहिलं आहे की कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही, इंग्लंडने १९४७ मध्ये जसा कायदा करून ही ढाल काढून टाकली तसा विचार आपल्या विधिमंडळांनी गंभीरपणे करावा. म्हणजे त्यांनाही ते टोचत होतं. मार्शलना टोचलं तेव्हा त्यांनी आपलं मत फिरवलं. गजेंद्रगडकरांनी टोचणी लिहून ठेवली आणि निकाल तसाच दिला. मला मार्शल जास्त पटतात. पुढे संसदेत विधेयक आलं, एकदा १९६५ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये, आणि दोन्ही वेळा ते तसंच राहिलं. १९९४ मध्ये आंध्रातल्या एका व्यापाऱ्याचं जप्त केलेलं खत गोदामात खराब झालं, तेव्हा मात्र सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पैसे भरायला लावले. वस्तू परत घेऊन जा म्हणणं पुरेसं नाही, ती घेतली तेव्हा जशी होती तशी पाहिजे, हे आपल्याकडे यायला तेवढी वर्षं लागली.

‘परत केली’ या शब्दांत काय काय लपतं ते मला माहीत आहे.

इंजिन बैलगाडीत घालून चावडीपुढे आणलं. लिंबाखाली ठेवलं, वर दोन पोती टाकली. बाई तहसीलला चार वेळा गेल्या. एसटी नव्हती, सात किलोमीटर फाट्यापर्यंत चालत जायचं आणि मग मिळेल ते वाहन. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या वेळी माझा अहवाल मागवला. तो मी पाठवला, आणि त्यात पावती खरी आहे असं लिहिलं, हे मला सांगायला हवं. पण मार्चअखेरच्या आकड्यात ती जप्ती मोजून झाली होती आणि तो आकडा वर गेला होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत भुईमूग वाळला. बाईंनी तो उपटून जनावरांना घातला. मी रस्त्याने जाताना पाहिलं, दावणीला वाळल्या वेलांचा ढीग होता आणि म्हैस त्याला तोंड लावत नव्हती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. पोती सरकली असणार, कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नाही. ऑगस्टमध्ये जप्ती उठवल्याचा हुकूम आला.

पुन्हा तेच दोन पंच बोलावले. बाई आल्या, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. कोतवालाने पोती बाजूला केली. चाकावर गंजाची पापडी आली होती, बोट लावलं की लाल भुकटी निघायची. कोतवालाने हँडल घातलं आणि जोर लावला. चाक हललं नाही. मुलानेही लावून पाहिलं. आत पाणी जाऊन इंजिन जाम झालं होतं.

मी चावडीच्या ओट्यावर बसून सुपूर्दनामा लिहिला. तारीख, हुकमाचा क्रमांक, वस्तूचं वर्णन. त्याचा नमुना ठरलेला असतो, पुढचं वाक्य आपोआप हाताखाली येतं. ‘सदर माल सुस्थितीत मिळाला, याबाबत कोणतीही तक्रार नाही.’ शाईची डबी उघडून पुढे सरकवली. बाईंनी अंगठा टेकवायच्या आधी कागदाकडे बघून विचारलं, “हितं काय लिवलंय, भाऊसाहेब?”

“मिळालं म्हणून लिहिलंय, मावशी,” मी म्हणालो.

त्यांनी अंगठा दिला. मुलाने हँडल काढून घेतलं आणि ते दोघं गाडी आणायला गेले.